दावा आणि दावं

१

लालासाहेबांचा पाखऱ्या गेला ही बातमी उंबरवाडीला दोनदा कळली. एकदा आपोआप, गावात सगळ्याच बातम्या कळतात तशी. दुसऱ्यांदा ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून, खुद्द लालासाहेबांच्या आवाजात. दुसऱ्या वेळी बातमीच्या शेपटाला एक नाव बांधलेलं होतं.

"आमच्याकडं कामाला हुता तो बिरदेव, त्याचा ह्यात हात हाय. बैल कुणाला दिसला तर कळवा. बक्षीस मिळंल."

शिवांजली तेव्हा भाकरी थापत होती. तिनं तवा उतरवला, हात धुतले आणि ओढणी घेतली. ती गावची पोलीस पाटील. माहेर मेढ्याचं, सासर इथलं. परीक्षा देऊन पद मिळवलं, तरी गावानं तिची नोंद दोन खात्यांत ठेवली होती. काम असलं की 'पाटीलबाई' आणि काम टाळायचं असलं की 'सूनबाई'.

"या पाटीलबाई," लालासाहेब ओट्यावरच उभे होते. म्हणजे काम होतं.

पाखऱ्या हा शर्यतीचा खिलार. कडेगावपासून पलूसपर्यंत ज्या मैदानात तो उतरायचा, तिथं बाकीचे गाडीमालक आधी त्याची जोडी कुठल्या फेरीत लागलीय ते बघायचे आणि मग देवाला नारळ फोडायचे. त्याचा गोठा गावातल्या निम्म्या घरांपेक्षा चांगला. पंखा, पायाखाली रबराची चटई. बंगल्याला कॅमेरेही होते. पण ते सगळे पुढच्या फाटकावर, येणाऱ्या पाहुण्यांची गाडी कुठली हे बघायला. गोठ्याचं मागचं दार पाटाच्या रस्त्यावर उघडायचं, तिकडं कॅमेरा नव्हता. तिकडून पाहुणे येत नाहीत.

आदल्या दिवशी दुपारी लालासाहेब आणि त्यांचा मुलगा शंभूराज विट्याला लग्नाला गेले होते. लालासाहेबांच्या पत्नी बनुबाई मेथी खुडायला रानात गेल्या होत्या, असं त्या म्हणाल्या. दिवस मावळताना माणसं घरी आली तर गोठा रिकामा.

शिवांजली आत गेली. मागच्या दारातली माती ओली होती. कोपऱ्यात, भिंतीतल्या खुंटीला पाखऱ्याचं दावं अडकवलेलं होतं. तांबड्या-पांढऱ्या सुताचं, हौसेनं वळून घेतलेलं. कापलेलं नव्हतं, ओढलेलं नव्हतं. गाठ सोडून, नीट वेटोळं करून ठेवलेलं.

"हे बघा वैनी," शंभूराजनं जमिनीतल्या खुंट्याकडं बोट केलं. खुंट्याच्या डोक्याला पिवळं काहीतरी लागलं होतं. "भंडारा. बिरोबाच्या माणसाबिगार कोण लावतंय? आमच्या गोठ्यावर करणी करून बैल न्हेला त्यानं."

शिवांजली वाकली. पिवळ्याच्या मधोमध एक तांबडा ठिपकाही होता. शंभूराजनं हिशेबात पिवळा धरला होता आणि तांबडा सोडला होता. जे आपल्या बेरजेत बसतं तेवढंच मांडायचं, ही सवय त्या घरात जुनी होती.

"बिरदेवाला तुमी कामावरनं का काढलं?" तिनं विचारलं.

शंभूराजनं बापाकडं पाहिलं. लालासाहेब म्हणाले, "बैलावरनं लय बोलाय लागलता. सूनबाई, ते जाऊ द्या. ठाण्यात अर्ज दिलाय मी. साहेब म्हणालं, पोलीस पाटलांच्या दोन ओळी आल्या की गुन्हा नोंदवतो. आज-उद्यात द्या."

दोन ओळी. बिरदेव सैन्यात निवडला गेला होता. गावानंच त्याला चौकात पेढे भरवले होते. त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद त्याच ठाण्यात, त्याच टेबलावर पडून होता. त्याच्या नावावर गुन्हा नोंदला की तो कागद 'हरकत आहे' असं लिहून परत जाणार आणि बिरदेव पुन्हा दुसऱ्याच्या गोठ्यात शेण काढणार.

दोन ओळींत माणूस मावतो. शिवांजलीनं दोन ओळी उद्यावर टाकल्या.

२

पलूसला धैर्यशीलचं ठिबक सिंचनाचं दुकान. पाखऱ्यामुळं तो दोन मैदानं हरला होता आणि चारचौघांत म्हणाला होता, "हा बैल एक दिवस माझ्या दावणीला असंल." एवढं बोलणारा माणूस संशयितांत आपोआप बसतो.

"बसा पाटीलबाई. चहा घ्या. हातात बेड्या घालायच्या असत्या तर चहा घेतला नसता तुमी, म्हणून विचारतो."

"घेते. पाखऱ्या कुठंय?"

धैर्यशील हसला. खिशातून मोबाईल काढून त्यानं पडदा तिच्यापुढं धरला. पाखऱ्या पळत होता, धूळ उडत होती, निवेदक बेंबीच्या देठापासून ओरडत होता. "हे किती लोकांनी बघितलंय म्हाईत हाय? त्या बैलाचं तोंड आमच्या आमदारापेक्षा जास्त लोक वळखत्यात. मी चोरला तर पळवू कुठं? विकू कुणाला? रंग द्यावा म्हटलं तर शिंगं कुठं लपवू? आवं, चोरीची दुचाकी खपती. चोरीचा नामांकित बैल म्हंजे घरात वाघ आणून बांधल्यागत. खायलाबी घालायचं आन् दाखवायचंबी न्हाई."

"मग कशाला न्हेला असंल कुणी?"

"ते मला काय ठावं?" त्यानं मोबाईल खिशात टाकला. मग जरा थांबून, दुकानातला पोऱ्या लांब आहे हे बघून म्हणाला, "एक सांगतो. मागल्या मैदानात मी त्याच्याच फेरीत, शेजारी हुतो. शंभूराजच्या मुठीत काय हुतं ते मी बघितलं. बॅटरी. शेपटीच्या बुडात लावायची, बैल उधळतोच. कायद्यानं बंदी हाय त्याला."

"तुमी तक्रार केली?"

"केली असती," धैर्यशील चहाच्या कपात बघत म्हणाला, "पण मग माझ्या मुठीत काय हुतं तेबी कुणीतरी इचारलं असतं."

शिवांजली परतताना दुचाकीवर हिशेब करत होती. बैल पळवायला नेला नाही, विकायला नेला नाही. फायद्याची बाजू कोरी. मग उरते एकच गोष्ट: ज्यानं नेला त्याला बैल हवा नव्हता. बैल पळू नये, एवढंच हवं होतं.

आणि त्या बैलावरून लालासाहेबांच्या तोंडावर बोलणारा गावात एकच माणूस होता. त्यालाच कामावरून काढलं होतं.

३

बिरदेव माळावर पळत होता. कामावरून काढल्यापासून त्याचं तेवढंच काम उरलं होतं. आटपाडीकडच्या एका मेंढपाळ वस्तीतून तात्याबा नावाच्या म्हाताऱ्यानं पाखऱ्या लालासाहेबांना विकला, तेव्हा हे पोरगंही बैलाबरोबर आलं. बैल दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नव्हता म्हणून. तेव्हापासून ते बनुबाईंच्या हातचं खात होतं.

शिवांजलीला बघून तो थांबला. कंबरेवर हात ठेवून दम घेत म्हणाला, "लिवलं का वैनी?"

"अजून न्हाई. काल दुपारी कुठं हुतास?"

"इथंच. पळत."

"कुणी बघितलं?"

"तिकडल्या कळपानं बघितलं. साक्षीला बोलवा, पर त्यास्नी एकच शब्द येतो."

तिला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही. "खुंट्याला भंडारा लावलाय म्हणत्यात."

"भंडारा?" आता तो खरोखर हसला. "आवं, भंडारा आमी उधळतो. देवावर, पालखीवर, एकमेकांच्या डोस्क्यावर. खुंट्याला टिळा कशाला लावू? आन् तांबडा ठिपका हुता म्हणता? भंडाऱ्यात कुंकू कवा बघितलंसा?"

"लालासाहेब आबांनी तुला का काढलं ते सांग."

"शंभूदादांनी बॅटरी लावल्याली. शेपटीच्या बुडाला कातडं सोलल्यालं. मी आबांना दावलं. म्हणलो, कायद्यात बसत न्हाई. आबा म्हणाले, कायदा तू शिकवतो का आमाला, लष्करात जायच्या आधीच?" बिरदेवनं पायानं एक दगड बाजूला सरकवला. "बाकी काय न्हाई. बनुकाकींनी जाताना डबा दिला."

"बरं. अजून एक. चोरानं दावं न्हेलं न्हाई. सोडून, गुंडाळून खुंटीला अडकवलंय."

बिरदेवचं तोंड उघडं होतं, ते तसंच राहिलं. दम अजून बसला नव्हता, तरी श्वासाचा आवाज थांबला.

"दावं हितंच हाय?" त्यानं हळू विचारलं.

"व्हय. का रं?"

तो कळपाकडं वळला. मग म्हणाला, "वैनी, माझंच नाव लिवा. मीच न्हेला बैल."

"आन् ठेवलास कुठं?"

"ते सांगणार न्हाई. पर मीच न्हेला. लिवून टाका."

एवढं म्हणून तो पुन्हा पळायला लागला. सही कुठं करू, हेही विचारलं नाही. शिवांजलीच्या नोकरीत खोटं बोलणारी माणसं पुष्कळ भेटली होती. पण स्वतःच्या अंगावर खोटं ओढून घेऊन एवढ्या जोरात पळणारा हा पहिलाच.

४

भंडाऱ्याच्या आरोपाला तो हसला आणि दाव्याच्या नावाला गप्प झाला. गप्प झाला तो भीतीनं नव्हे. त्याला कुणीतरी दिसलं होतं.

वाटेत, उसाच्या फडापाशी, शिवांजलीनं गाडी थांबवली. समोर तिला मेढ्याचं आपलं अंगण दिसत होतं. वडिलांनी म्हैस विकली होती. घेणाऱ्यानं आपलं दावं बरोबर आणलं होतं, कारण तसंच आणायचं असतं. आईनं म्हशीच्या खुरांवर पाणी ओतलं, कपाळाला आणि खुंट्याला हळद लावली, हळदीवर कुंकू, आणि भाकरीचा तुकडा भरवला. वडिलांनी आपलं दावं सोडलं आणि आत नेऊन ठेवलं. जनावर द्यावं, दावं देऊ नये. दाव्याबरोबर गोठ्याची लक्ष्मी जाते. लहान शिवांजलीनं विचारलं होतं, दावंच ठेवायचं तर म्हैस का दिली. त्यावर वडिलांनी तिला पाणी आणायला पाठवलं होतं.

चोर दाव्यासकट नेतो. दावं मागं ठेवतो तो देणारा.

बैल चोरीला गेलाच नव्हता. तो दिला होता. कुणीतरी खुरांवर पाणी घालून, हळदीकुंकू लावून, रीतीनं पाठवणी केली होती. दारातली माती त्यानं ओली. आणि ही रीत उरकणारं बाईमाणूस त्या बंगल्यात एकच होतं.

ती मागच्या दारानंच गोठ्यात शिरली. बनुबाई शेजारच्या कडब्याच्या खोलीत उभ्या होत्या, नुसत्याच. हातात काही काम नाही. त्या बाईला रिकाम्या हातानं उभं राहिलेलं गावात कुणी बघितलं नव्हतं.

"काकी, बिरदेव म्हणतोय बैल त्यानंच न्हेला."

बनुबाई कडब्याच्या पेंढीवर बसल्या. "येडं हाय ते," त्या म्हणाल्या. आणि मग, दुसरं विचारायच्या आत, "तात्याबाला मीच फोन केला. पिकअप घेऊन आला. त्याच्या हाकेसरशी पाखऱ्या आपसुक चढला, मागं वळून बघितलं न्हाई. जनावराला कळतंय."

"किमतीचा बैल असा देऊन टाकला?"

"किंमत किंमत काय करता? मी त्याच्या शेपटीखाली हळद भरलीया माझ्या हातानं. शंभूला बोलले तर म्हणतो, आई तुला शर्यतीतलं कळत न्हाई. मालकांना बोलले तर म्हणत्यात, पोराची हौस हाय." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "बिरदेव कामावर हुता तवर थांबले मी. म्हटलं, तो हाय तवर दिला तर त्याच्यावर आळ यील. त्याला काढलं, मग दिला. म्हटलं, आता पोराचा काय संबंध न्हाई."

हिशेब चांगल्या मनानं घातला होता आणि बरोबर उलटा आला होता. हाकललेल्या गड्यावर आळ येतो; कामावरल्या गड्याला निदान मालक सांभाळून घेतो. हे बनुबाईंना सोडून सगळ्या गावाला माहीत होतं.

"आन् भोंग्यावर त्याचं नाव आलं, तवा?"

बनुबाईंनी पेंढीतली एक काडी ओढून काढली. "तोंड उघडलं तर बैल माघारी येतोय. न्हाई उघडलं तर पोरगं जातंय. सकाळपासनं म्हणतीया, आता सांगते, आता सांगते. एका जनावराच्या पायी मी माणूस इकाय काढलाय, शिवांजली. एवढं कळतंय मला."

शिवांजली गोठ्याच्या दाराकडं वळली. तिनं आत डोकावलं आणि ती थबकली. खुंटी मोकळी होती.

"काकी, दावं आत ठेवलंसा वाटतं?"

"न्हाई. खुंटीलाच ऱ्हाऊ दिलं मी. आत ठेवायला हात झाला न्हाई."

दोघींनी एकदमच वर पाहिलं. कडब्याच्या खोलीत आढ्याला आडवा बांबू टांगलेला होता. त्याच्यावर ह्या घरानं आजवर विकलेल्या जनावरांची दावी ओळीनं अडकवलेली होती. काळी पडलेली, धूळ बसलेली. सगळ्यांच्या शेवटी, नवं कोरं, तांबडं-पांढरं.

"मी न्हाई ठेवलं," बनुबाई म्हणाल्या. "शिवांजली, मी न्हाई ठेवलं हे."

५

लालासाहेब ओट्यावर खुर्चीत बसून फोनवर ऊसतोडीच्या मुकादमाला शिव्या घालत होते. शिवांजलीला बघून त्यांनी शिव्या आवरत्या घेतल्या.

"झाल्या का दोन ओळी, पाटीलबाई?"

"होतील. आबा, पाखऱ्या माघारी यावा असं वाटतं ना?"

"हे काय इचारणं झालं?"

"मग त्याचं दावं खुंट्याजवळ का न्हाई?"

"असंल कुठंतरी. शंभूनं ठेवलं असंल."

"शंभूराजला त्या बांबूचा उपयोग म्हाईत असता तर बरं झालं असतं. तो दुकानातनं नायलॉनची रस्सी आणतो आन् तुटली की फेकतो." ती पायरीवर बसली, खुर्ची कुणी दिली नव्हती. "ज्याचा बैल चोरीला जातो तो दावं खुंट्याशी ठेवून वाट बघतो. ज्याचा दिला जातो तोच दावं आत नेतो. आज सकाळी मी गोठ्यात दावं बघितलं, तुमी काल मावळतीलाच बघितलं. मी परकी, मला कळायला दिवस गेला. तुमी ह्या मातीतलं. तुमाला बघताक्षणी कळलं की पाखऱ्या घरातल्याच हातानं दिलाय, आन् कुठल्या हातानं तेबी. त्यानंतर भोंग्याकडं गेलासा. भोंग्यावरनं बिरदेवचं नाव घेतलंत. मग मी गोठ्यातनं गेल्यावर, जनावर दिलं की आपण नेहमी करतो तसं दावं उचलून बांबूवर ठेवलंत. ध्यानातबी आलं नसंल. तोंड खोटं बोललं, आबा. हाताला कुणी सांगितलं न्हवतं खोटं बोलायचं."

लालासाहेबांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. घरातून भांड्याचा आवाज येत होता, तो बंद झाला. कुणीतरी आत ऐकत होतं.

"मग काय करायचं हुतं मी?" ते अखेर म्हणाले. आवाज खाली आला होता. "गावाला सांगायचं, की लालासाहेबाच्या बायकोनं नवऱ्याला न इचारता बैल देऊन टाकला? हसत्यात लोकं."

"म्हणून बिरदेव."

"तरणं पोरगं हाय. दुसरी भरती यील."

"वय निघून जातंय, आबा. भरती येईल, वय येत न्हाई."

लालासाहेबांनी मांडीवरचा फोन सुलटा केला.

"कायद्याचं सांगते," शिवांजली म्हणाली. "चोरी म्हंजे मालकाच्या संमतीबिगार न्हेणं. तुमी काकींना घरात काय म्हणून हाक मारता?"

"मालकीण," लालासाहेब सवयीनं म्हणाले आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. मिशीखाली काहीतरी हललं. हसू नव्हतं, पण त्याच्या शेजारचं काहीतरी. "लय हुशार हायसा, सूनबाई. कोर्टात टिकंल का हे?"

"कोर्टात टिकायचं न्हाई. घरात टिकवा. आन् बैल माघारी आणायचा असंल तर मला बॅटरीचंबी लिवावं लागंल, शंभूराजच्या नावानं."

मग लालासाहेबांनी हिशेब मिटवला, निदान त्यांना तसं वाटलं. "बरं. अर्ज माघारी घेतो. गैरसमज झाला म्हणतो. मिटलं?"

"ठाण्यातलं मिटलं. दावा मिटला. पण पोराचं नाव तुमी ठाण्यात न्हाई, भोंग्यावर घातलं. घरोघरी गेलंय ते. अर्ज माघारी घेतल्याचं कुणाला कळणार? लोकं म्हणतील, आबांनी दया केली, चोराला सोडला."

"म्हंजे भोंग्यावर जाऊ मी?" लालासाहेब उठले. "ते जमायचं न्हाई. तुमी अहवालात काय लिवायचं ते लिवा. बघू."

शिवांजलीही उठली. "मी लिवीन ते खरंच असंल. किती लिवायचं, ते मात्र आजच्या दिवस तुमच्या हातात हाय."

फाटकाबाहेर आल्यावर तिनं मनाशी दोन्ही बाजू मांडल्या. सगळं खरं लिहिलं तर लालासाहेबांवर खोट्या तक्रारीचा ठपका, आणि त्याची वसुली नंतर बनुबाईंकडून, रोज, जेवणाच्या ताटावर. काहीच लिहिलं नाही तर बिरदेव आयुष्यभर 'सुटलेला चोर'. मधली वाट म्हणून ती आत्ता जे बोलून आली त्याला कायद्याच्या पुस्तकात धमकी म्हणतात. गावात त्याला समजूत घालणं म्हणतात. दोन्हींतलं नेमकं काय केलं, हे तिला कुणी विचारलं असतं तर तिनं विषय बदलला असता.

६

दिवस कलताना पारावरच्या लोकांनी बघितलं, की बनुबाई पायात चपला घालून, डोक्यावर पदर घेऊन ग्रामपंचायतीकडं चालल्यात. एकट्या. काही वेळानं त्यांच्या मागून लालासाहेब निघाले. आधी सावकाश, मग भराभर. शेवटी धोतराचा सोगा हातात धरून. बायको भोंग्यापर्यंत आधी पोचली तर काय होईल, एवढा हिशेब त्यांनी झटक्यात केला असावा. दारात त्यांनी तिला गाठलं. दोघांत काय बोलणं झालं ते कुणाला ऐकू आलं नाही. बनुबाई बाजूला झाल्या, पण गेल्या नाहीत.

भोंगा खरखरला.

"ग्रामस्थहो. लालासाहेब बोलतोय. आमचा पाखऱ्या चोरीला गेलेला न्हाई. तो आमच्या मालकिणीनं, म्हंजे आमच्या घरातनंच, तात्याबाला दिलेला हाय. आता तो पळणार न्हाई." मध्ये इतका वेळ शांतता पडली, की लोकांना वाटलं लाईट गेली. "बिरदेवचं नाव चुकून घेतलं गेलं. त्याचा काय संबंध न्हवता."

चुकून. शिवांजली आपल्या अंगणात उभी राहून ऐकत होती. 'खोटं घेतलं' असं ते म्हणतील, असं तिला क्षणभर वाटलं होतं. चूक कुणाचीही होते. खोटं बोलायला माणूस लागतो. लालासाहेबांनी कबुलीतलाही एक घास वाचवून ठेवला होता.

पण रात्रीच्या स्वयंपाकाआधी तिनं अहवाल लिहायला घेतला, तेव्हा तिच्या पेनातूनही तेच उतरलं. 'सदर बैल घरातील व्यक्तीनेच दिला होता. चोरी झालेली नाही. तक्रार गैरसमजातून झाली.' पहिली दोन वाक्यं खरी होती. तिसरं वाक्य बनुबाईंच्या ताटासाठी होतं. तिनं सही केली. लालासाहेबांना नावं ठेवायचा तिचा हक्क त्या सहीबरोबर निम्मा झाला, हे तिला सही वाळायच्या आधी कळलं.

पडताळणीचा कागद हरकतीशिवाय पुढं गेला.

बिरदेव जायला निघाला त्या सकाळी तो लालासाहेबांच्या दारात आला. पाठीला सॅक, केस बारीक कापलेले. शिवांजली तिथं होती. शंभूराज नव्हता, त्याला सकाळी सकाळी कडेगावला काहीतरी काम निघालं होतं. बनुबाईंनी पोराला भाकऱ्यांचं गाठोडं दिलं. तो वाकला, त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तसाच राहिला.

"माझ्यामुळं लय ऐकून घ्यावं लागलं तुला," बनुबाई म्हणाल्या.

"तुमी दिला म्हणून तो वाचला, काकी. मी नुसतंच बोललो हुतो."

लालासाहेब खुर्चीत होते. त्यांनी पाय चपलेतून काढून जमिनीवर नीट ठेवले होते. गावातून पोरगं सैन्यात निघालं की ते वडीलधाऱ्यांच्या पाया पडतं आणि वडीलधारं त्याच्या डोक्यावर हात ठेवतं. उंबरवाडीत हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. त्यांचा उजवा हात मांडीवरून थोडा वर आलेलाही होता.

बिरदेव त्यांच्यासमोर आला. उभा राहिला. दोन्ही हात जोडले, छातीशी, आणि म्हणाला, "येतो, आबा."

हात हवेत राहिला. लालासाहेबांनी तो लपवायला म्हणून मिशीवर नेला. बनुबाईंनी दाराची चौकट धरली.

"बिरदेवा," लालासाहेब म्हणाले. त्यांनी शिवांजलीकडं पाहिलं, मग बायकोकडं, आणि मग पोराकडं. "ती चूक न्हवती."

"म्हाईत हाय, आबा," बिरदेव म्हणाला. आवाजात राग नव्हता. "म्हणूनच."

त्यानं सॅकचे पट्टे ओढून घेतले, शिवांजलीला कडक सलाम ठोकला, अजून कुणी शिकवला नसताना, आणि विट्याच्या एसटीसाठी फाट्याकडं चालू लागला. लालासाहेब उठून फाटकापर्यंत गेले. तो वळणाआड जाईपर्यंत ते तिथंच उभे होते, अनवाणी.